आप्पांना बसवून बघा

दार उघडेना.

मे महिन्यातली दुपार होती. रत्नागिरीत साळवी स्टॉपच्या पुढे नव्याने उघडलेल्या गाड्यांच्या शोरूममध्ये, एका नव्या कोऱ्या उंच गाडीच्या मागच्या सीटवर मी बसलो होतो. "आप्पांना बसवून बघा ना, साहेब. वयस्कर माणूस चढला-उतरला की गाडी कळते," असं तिथला टाय लावलेला विक्रेता माझ्या मुलाला म्हणाला. मी कोणाचा आप्पा आहे हे त्याला पाच मिनिटांपूर्वीच कळलं होतं. यज्ञेशने मला कोपराला धरून वर चढवलं आणि बाहेरून दार लोटलं. जाड, गादीवर गादी पडावी तसा आवाज झाला. विक्रेता म्हणाला, "आवाज ऐकलात?" तो प्रश्न मला नव्हता. त्यानंतरचं काही मला ऐकू आलं नाही. काचेपलीकडे यज्ञेश, सून सावनी आणि तो विक्रेता असे तिघे उभे होते आणि त्यांची तोंडं हलत होती. सीटवरचं पॉलिथिन काढलेलं नव्हतं. ते पँटमधूनही मांड्यांना चिकटत होतं, हललं की कुरकुरत होतं, आणि नव्या रबराचा नि डिंकाचा वास नाकातून थेट कपाळात चढत होता. जरा वेळाने मी दाराची कडी ओढली. ती हलली, पण दार उघडलं नाही. मला वाटलं, आपलंच चुकत असेल. ही कडी ओढायची नसेल, दाबायची असेल. दाबली. मग वर उचलली. मग पुन्हा ओढली, या वेळी हळू, कारण पहिल्यांदा धसमुसळेपणा झाला असेल. बाहेर विक्रेत्याने टपावर थापा मारून पत्र्याचा जाडपणा दाखवला. त्या थापा माझ्या डोक्यावर पडल्या. काचेवर टकटक करावी असं मनात आलं आणि बोटं काचेपर्यंत गेलीही, पण टकटक करणारा म्हातारा बाहेरून कसा दिसेल ते मला आधी दिसलं, आणि मी हात मांडीवर ठेवून, सगळं ठीक आहे अशा चेहऱ्याने बसून राहिलो. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. यज्ञेश वाकून चाक बघत होता. सावनीने एकदा आत पाहिलं, हसली, मान हलवून 'ठीक ना?' असं विचारलं. मीही मान हलवली.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. शेवटी सावनीनेच दार उघडलं. "अगंबाई, चाइल्ड लॉक होतं वाटतं," ती म्हणाली, आणि लगेच, "पाय आखडले नाहीत ना, आप्पा?"

"नाही," मी म्हणालो.

"मागे जागा भरपूर आहे हं," ती यज्ञेशला म्हणाली.

चाइल्ड लॉक म्हणजे काय ते मला घरी आल्यावर कळलं. लहान मुलांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून केलेली सोय. ते दार बाहेरूनच उघडायचं असतं. म्हणजे माझं काही चुकलेलं नव्हतं. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी संध्याकाळी झाडगावातल्या आमच्या घराच्या पडवीत बसलो असताना मला एवढा राग आला की हातातलं पुस्तक उलटं धरलंय हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं. राग कोणाचा, हे मात्र ठरेना. विक्रेत्याचा म्हणावा तर तो त्याचं काम करत होता. यज्ञेश-सावनीचा म्हणावा तर ती दोघं माझ्याचसाठी उन्हातान्हात हिंडत होती. 'आप्पा, ही गाडी तुमच्यासाठीच घेतोय,' हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी इतक्यांदा ऐकलं होतं की रागावणं म्हणजे कृतघ्नपणाच झाला असता. मी असा माणूस आहे की राग आला तरी आधी त्याची कागदपत्रं तपासतो. जिल्हा न्यायालयात भाषांतरकार म्हणून नोकरी झाली; दुसऱ्यांचे राग मराठीतून इंग्रजीत करताना त्यांतला नेमका शब्द शोधण्यात आयुष्य गेलं. स्वतःच्या रागाला शब्द शोधायला बसलो की तो तेवढ्यात निवून जाई. त्या संध्याकाळी निवला नाही.

यज्ञेश पुण्याला असतो. एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा इंजिनिअर. मार्चमध्ये एका रात्री मी न्हाणीघरात घसरून पडलो. हाड मोडलं नाही, पण उठताही येईना. कामाला येणारी गंगुबाई सकाळी येईपर्यंत मी तसाच ओल्या फरशीवर पडून होतो. ती फरशी मला अजून पाठीला जाणवते. तिच्यावरच्या साबणाचा वास, मोरीच्या जाळीजवळ फिरणारी एक मुंगी, आणि आपण मेलो तर निदान आंघोळ करून मेलो असं एक हास्यास्पद समाधान. यज्ञेश मिळेल त्या एस.टी.ने धावत आला. दारातून आत आला तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही. इयत्ता दुसरीत शाळेत एकटा सोडून आलो होतो तेव्हाही तो असाच दिसला होता. त्यानंतर एप्रिलात गाडीचं सुरू झालं. त्याची छोटी गाडी कोकणातल्या रस्त्यांना पुरत नाही, घाटात दम टाकते, आप्पांना त्यात पाय पसरता येत नाहीत, म्हणून आता मोठी, उंच, जीपसारखी गाडी हवी. दर शनिवार-रविवार दोघं येत आणि जेवायला बसलं की पानावर गाड्याच वाढल्या जात. बोलेरो, स्कॉर्पिओ, क्वालिस, सफारी. अ‍ॅव्हरेज किती, मेन्टेनन्स काय, रस्त्यापासून तळ किती उंच, पाच वर्षांनी विकायला काढली तर काय येईल. सावनीने तर शेजारपाजारच्या, ऑफिसातल्या, माहेरच्या अशा सगळ्या गाडीवाल्यांना विचारून ठेवलं होतं. शेवटी दोनच उरल्या. त्यांची नावं मला पाठ होती, तरी मनात मी एकीला 'उंच' म्हणे आणि दुसरीला 'चौकोनी'. यज्ञेशचा जीव उंच गाडीवर होता, सावनीचा चौकोनीवर.

आणि मला त्या चर्चेत गोडी वाटू लागली होती, हे कबूल करायला हवं. वाचनालयात जाऊन, आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही असं बघून, मी गाड्यांची मासिकं चाळली. त्यांतले तक्ते समजून घेतले. माझं एक मत तयार झालं, आणि आयुष्यात माझी मतं क्वचितच तयार होत असल्यामुळे मला त्याचा थोडा अभिमानही वाटला. मत असं होतं: उंच गाडीतून रस्त्यावरच्या माणसांचे माथे दिसतात. चौकोनी गाडीच्या खिडकीशी माणसांचे चेहरे येतात. रत्नागिरीत रस्त्याने जाताना मला चेहरे लागतात. गोखले नाक्यावरून जाताना कोणाच्या कपाळावर आठी आहे, कोणी दाढी वाढवलीय, कोण आपल्याला बघून नजर चुकवतंय, हे बघत मी पन्नास वर्षं चाललो आहे. बोलत नाही फारसा कोणाशी, बघतो. तेव्हा गाडी घ्यायचीच तर चौकोनी घ्यावी. हे एवढं वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं, रविवारी जेवताना बोलायचं म्हणून. बोलायला सुरुवातही केली. "मला वाटतं," म्हणालो, आणि घास घशाखाली उतरायला थांबलो. तेवढ्यात यज्ञेश सावनीला म्हणाला, "पण रीसेल व्हॅल्यू बघ ना," आणि सावनी म्हणाली, "आप्पांना काय, कुठलीही चालेल. हो ना, आप्पा?" प्रेमाने म्हणाली. भाजी वाढता वाढता म्हणाली. मी पानाकडे बघितलं.

उमा असती तर तिने मला सोडलं नसतं. माझ्या बायकोला 'कुठलंही चालेल' या उत्तराचा तिटकारा होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने आमटीत आमसूल घालू की चिंच असं विचारलं, आणि मी पुस्तकातून मान वर न करता 'काहीही' म्हणालो. ती पळी हातात घेऊन पुढ्यात येऊन उभी राहिली. "काहीही नावाची आमटी मला येत नाही," म्हणाली. मी उत्तर देईपर्यंत हलली नाही; चुलीवरचं उतू गेलं तरी हलली नाही. पुढची अडतीस वर्षं ती मला विचारत राहिली. पडद्यांचा रंग, यज्ञेशची शाळा, हे घर बांधताना पडवी समुद्राच्या वाऱ्याला उघडी ठेवायची की भिंत घालायची, आणि आजारपणात शेवटी शेवटी, खिडकी उघडू का मिटू. मला दर वेळी कसनुसं होई. दर वेळी वाटे, हिला काय ते ठरवू दे ना. आता कळतं की ती विचारायची म्हणून मला आवडी-निवडी होत्या. ती गेली आणि हळूहळू मला काहीही चालू लागलं, आणि लोकांनाही ते सोयीचं झालं असावं.

शोरूमच्या त्या दुपारनंतर यज्ञेश-सावनीचं पुन्हा वाजलं. तो म्हणे उंच, ती म्हणे चौकोनी. दोघंही शिकलेली, दोघांकडेही आकडे. आकडे कोणालाच जिंकू देईनात. यज्ञेशचा वर्गमित्र सलिल तेव्हा आमच्याकडे चहाला आला होता. सलिलच्या आंब्याच्या बागा आहेत, आणि त्याच्याकडे ती उंच गाडी वर्षभरापासून आहे. तो मोठ्याने हसला.

"अरे, कोकणातली माणसं ना तुम्ही? एवढं डोकं कशाला पिकवताय? तुमच्या गावच्या जाखमातेला कौल लावा. उजवी कळी पडली तर उंच, डावी पडली तर चौकोनी. विषय संपला."

"इंजिनिअर माणूस मी," यज्ञेश म्हणाला.

"मग काय झालं? देवी काय बी.ई. नाही म्हणून तुझं ऐकणार नाही?"

सावनी हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. "खरंच लावू या," ती म्हणाली. "सगळंच विचारून घेऊ एकदा. मनाला समाधान." 'सगळंच' या शब्दापाशी मी अडखळायला हवं होतं, शब्दांपाशी अडखळणं हाच माझा धंदा होता. पण मी मनात चेहरे आणि माथे यांचं वाक्य घोळवत होतो. वाटलं, वाटेत गाडीत बोलू.

रविवारी सलिलच्या गाडीतून आम्ही आमच्या मूळ गावी निघालो. गाव संगमेश्वराच्या वाटेवर, हमरस्ता सोडून आत. तिथे आमचं आता काही नाही. एक आडनाव आणि देवळातला मान एवढंच उरलंय. मला मागे मधोमध बसवलं होतं, एका बाजूला सावनी, दुसऱ्या बाजूला नारळ, ओटीचं सामान आणि फुलांची पिशवी. हातखंबा गेलं, निवळी गेली, बावनदीचा उतार आला. पुढे सलिल आणि यज्ञेश गियर, पिकअप आणि वळणावर गाडी किती झुकते याविषयी बोलत होते. "बघ, आप्पांना हिसका बसला का? नाही बसला." "आप्पा, हिसका बसला?" "नाही." पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या एका माणसाने गाडीकडे बघून हात केला. मला त्याच्या डोक्यावरचं मुंडासं आणि वर आलेला पंजा तेवढा दिसला. कोण होता? मला ओळखणारा होता का? मी मागे वळून बघेपर्यंत वळण आलं. मी म्हणालो, "चौकोनी गाडीतून चेहरा दिसला असता." पण इंजिनाचा आवाज होता, काचा लावलेल्या होत्या, आणि माझा आवाज तर मुळातच असा की त्याला कोणी वाट करून द्यावी लागते.

देऊळ कौलारू आहे, जांभ्याच्या जोत्यावर, भोवती मोठी झाडं. आत काळ्या दगडाची देवी. धाकू गुरव माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही दोघांनी याच सभामंडपात शिमग्याला मार खाल्लाय. त्याने मला बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"आप्पानु! जिता हाव काय? मना वाटलान, पुस्तकातच पुरलाव काय कोण जाणे."

"आहे अजून," मी म्हणालो.

"मंग येत जावा की. का गाडी आल्याबिगर देव दिसत न्हाय रत्नागिरीतना?"

सगळे हसले. मग सावनी धाकूला जरा बाजूला घेऊन गेली आणि काय विचारायचंय ते त्याला हळू आवाजात सांगू लागली. धाकू मान डोलवत होता, मधेच माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, गाडीच्या किमती ऐकून बघत असेल. कौल लावायचा म्हणजे काय ते सावनीला ऐकून माहीत होतं, पण ती वाढली नागपुरात; आमच्या देवीपुढे काहीही कुजबुजून सांगता येत नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. गुरवाला जे सांगाल ते तो गाऱ्हाण्यात घालतो, आणि गाऱ्हाणं पोटातून, खणखणीत आवाजात घालायचं असतं, देवळाबाहेरच्या झाडांनाही ऐकू जावं असं. देवीला अर्धी गोष्ट सांगायची नाही, हा इथला कायदा. आणि गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेल्या सगळ्यांनी मोठ्याने 'होय महाराजा' म्हणायचं.

धाकूने देवीच्या दगडावर पाणी शिंपडलं आणि दोन पांढऱ्या कळ्या ओल्या करून चिकटवल्या, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. मग ताठ उभा राहिला. आमच्याशी बोलताना पिचकणारा त्याचा आवाज एकदम भरून आला.

"हे आई जाखमाते! आज ह्या वक्ताला तुजी लेकरा तुज्या दारात उबी हायत!"

"होय महाराजा!" आम्ही म्हणालो.

"पोटासाठी परमुलखात गेलेली हायत, पन तुला इसारलेली न्हायत!"

"होय महाराजा!"

"त्यानला येक गाडी घेवाची हाय. दोन गाड्या बगितल्यानी. मन दोन ठिकानी झालाय, ता येका ठिकानी कर!"

"होय महाराजा!"

मला छान वाटत होतं. लहानपणीची लय होती ती; वडिलांच्या धोतराच्या सोग्याला धरून मी याच दगडापुढे हेच दोन शब्द ओरडत असे, आणि एरवी तोंड न उघडणाऱ्या मला तेवढ्यापुरता घसा फुटत असे. ओरडणाऱ्या सगळ्यांत आपला आवाज मिसळून जातो, तो आपला राहत नाही, म्हणून लाज वाटत नाही. मी डोळे मिटले होते.

"रत्नागिरीचा घर पावसाच्या आत बंद करून, कुलूप घालून, म्हाताऱ्याला कायमचा पुन्याला न्यावचा हाय! त्या गाडीतना त्येला सुखरूप ने! घाटात सांबाळ!"

"होय महाराजा!"

या वेळी दोनच आवाज निघाले. एक सलिलचा, त्याला काही माहीत नव्हतं म्हणून. दुसरा माझा.

मी डोळे उघडले. यज्ञेश खाली फरशीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. सावनीने पदर तोंडाशी नेला होता. धाकूची आम्हा सगळ्यांकडे पाठ असल्यामुळे त्याला काही कळलं नाही. त्याने आणखी दोन वाक्यं म्हटली, त्यांवर सलिल एकटाच 'होय महाराजा' म्हणाला, दुसऱ्यांदा जरा बिचकत. मग धाकू गप्प झाला आणि आम्ही सगळे कळ्यांकडे बघत उभे राहिलो, कारण एकदा गाऱ्हाणं घातलं की कळी पडेपर्यंत बोलायचं नसतं. कळी लगेचही पडते, कधी तास तास पडत नाही. दगड काळाभोर होता. पाण्याचा एक ओघळ डाव्या कळीजवळ येऊन थांबला होता.

त्या शांततेत मला आधी काहीच वाटलं नाही. मग शब्द एकेक करून आत आले, जसे मी जबाब भाषांतराला घेताना घेत असे: घर. बंद. पावसाच्या आत. कायमचा. म्हाताऱ्याला. म्हातारा म्हणजे मी. महिनाभर या लोकांनी गाड्यांविषयी विचारलं नाही असा माणूस उरला नव्हता. शेजाऱ्यांना विचारलं, ऑफिसात विचारलं, सलिलला विचारलं, टाय लावलेल्या परक्या माणसाला विचारलं, आणि आज तीस मैल येऊन दगडाच्या देवीला विचारत होते. मला विचारलं होतं ते एवढंच: पाय आखडले का, हिसका बसला का. न्यायालयात आमच्याकडे प्रत्येक जबाब एकाच वाक्याने सुरू होत असे, 'समक्ष विचारल्यावरून सांगतो की.' हजारो वेळा मी ते इंग्रजीत केलं असेल. चोराचा, खुन्याचा, भाऊबंदकीत पिचलेल्या विधवेचा, कोणाचाही जबाब असो, त्याला समक्ष विचारलं जाई, आणि मग तो सांगे. त्या वाक्यावर माझा इतका विश्वास बसला होता की न विचारता बोलायचंच नसतं असं मी धरून चाललो. आणि आता जिथे मला विचारायला हवं होतं तिथे कोणीच विचारलं नव्हतं, आणि न विचारताच माझ्या तोंडून उत्तर मात्र निघून गेलं होतं. होय महाराजा. माझ्याच घशातून, सगळ्यांत मोठ्याने. मला संताप आला. कधी ठरलं हे? मार्चमध्ये? तो एस.टी.ने आला तेव्हाच? मग त्यानंतरची ती सगळी जेवणं, त्या गाड्या, 'तुमच्यासाठीच', हे सगळं काय होतं? एखादी वस्तू न्यायची असली की आधी ती कशात मावेल ते बघतात. पेटी असली तर पेटी ठेवून बघतात, कपाट असलं तर मोजून बघतात. आणि तेवढ्यातच माझा जुना शत्रू, शंका, आत उठून बसली: पण ते बरोबर असले तर? तू पडलास. पुन्हा पडशील. गंगुबाई एक दिवस आली नाही तर? एवढ्या कळकळीने महिनाभर कोणी कोणासाठी गाडी शोधतं का? तुला राग आलाय तो त्यांचा की स्वतःच्या म्हातारपणाचा? मला त्या शंकेचं उत्तर येत नव्हतं. आजही येत नाही. पण राग त्यामुळे कमी झाला नाही. बरोबर असणं आणि न विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीने दुसरी माफ होत नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या, आयुष्यात पहिल्यांदा, कोणाला न विचारता कळलं.

उजवी कळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

"दिलान!" धाकू म्हणाला. "उजवा दिलान. उंच गाडी घ्या."

सलिलने यज्ञेशच्या पाठीवर थाप मारली, पण यज्ञेश हसला नाही. धाकू वळला, आमचे चेहरे बघितले, आणि माझ्यावर त्याची नजर थांबली.

"काय झालान? मी काय वावगा बोललंव, आप्पानु?"

"तू नाही, धाकू," मी म्हणालो. "पण माझा एक होय चुकून गेला. तो परत घे."

"कंचा?"

"म्हाताऱ्याला न्यायचा."

धाकूने सावनीकडे बघितलं, मग यज्ञेशकडे. "म्हंजे तुमाला ठावकंच नव्हता?" त्याने कपाळाला हात लावला. "देवीसमोर दिलेला होय मागं घेता येत न्हाय, आप्पानु. तुमचा वेगळा गाऱ्हाना असंल तर मी घालतंय. दुसऱ्या कळ्या लावतंय. सांगा काय ता."

"देवीला काही सांगायचं नाही मला," मी म्हणालो. माझा आवाज वर गेला होता. देवळात तो घुमला आणि मलाच परका वाटला. "देवीला सगळं सांगून झालंय. ह्यांना सांगायचंय."

"आप्पा," सावनी म्हणाली, "आम्ही सांगणारच होतो. गाडी आली की सांगणार होतो. तुम्ही उगाच काळजी करत बसाल म्हणून..."

"गाडी आली की! म्हणजे मी आत बसलो की. बाहेरून दार लावलं की."

"असं का बोलता? आणि आत्ता तुम्हीही होय म्हणालात."

"मी होय म्हणालो, कारण तुम्ही म्हणायचं थांबलात ते मला दिसलं नाही! डोळे मिटले होते मी. विश्वासाने मिटले होते."

यज्ञेश पुढे आला. चाळिशी उलटलेला माझा मुलगा, देवळाबाहेर काढून ठेवलेल्या चपलांमुळे अनवाणी, हातात गाडीच्या माहितीपत्रकाची गुंडाळी. "तुम्ही रात्रभर त्या फरशीवर पडला होतात," तो म्हणाला. "मी रोज तुम्हाला फोन लावतो. रोज. तुम्ही उचलेपर्यंत मी श्वास घेत नाही. मी काय करायचं, सांगा ना! तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? 'काहीही चालेल' म्हणाला असतात, आणि मग आतल्या आत कुढत बसला असतात. मला माहितीय तुम्हाला."

हे खरं होतं. धाकू उगाचच पाण्याचा तांब्या इकडचा तिकडे ठेवत होता. सलिल देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन बाहेर बघत उभा राहिला होता.

"बरं, मग आता विचारतो," यज्ञेश म्हणाला. "इथे, देवीसमोर. तुम्हाला काय हवंय, आप्पा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एवढ्या माणसांनी एका वेळी माझ्याकडे बघितल्याचं मला आठवत नाही. घर हवंय, असं म्हणावंसं वाटलं. मग न्हाणीघराची फरशी आठवली. तुम्ही हवे आहात, असं म्हणावंसं वाटलं. मग पुण्यातला त्यांचा चौथा मजला, तिथल्या खिडकीतून दिसणारी दुसऱ्या इमारतीची खिडकी. चौकोनी गाडी हवीय, असंही एकदा जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. वाक्य तयार होत नव्हतं. पण या वेळी वाक्य तयार नसल्याची मला लाज वाटली नाही. उलट आणखी संताप आला, लख्ख, स्वच्छ संताप.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "कसं माहीत असणार? आत्ता विचारतोयस तू. एक गाडी निवडायची तर तुम्ही महिनाभर घोळ घातलात. दहा ठिकाणी हिंडलात, शंभर जणांना विचारलंत, चालवून बघितलीत, भांडलात, आणि इथे आलात. आणि मला राहिलेलं आयुष्य कुठे काढायचं ते इथे उभ्या उभ्या सांगू? मलाही महिना हवाय. मी पुण्याला येऊन राहून बघेन, इथे राहून बघेन, गंगुबाईला विचारेन, डॉक्टरांना विचारेन, तुमच्याशी भांडेन. मग सांगेन. तोवर घराला कुलूप लागणार नाही."

"आप्पा," सावनी हळू आवाजात म्हणाली, "महिन्याभरात पाऊस लागेल हो."

"लागू दे," मी म्हणालो.